भाकरी सोडण्याआधी

कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रान्सपोर्टच्या गाळ्यावर बसणारा एखादा कारकून डोळ्यांसमोर आणावा. वय पंचेचाळीस. सकाळी गाळ्याबाहेर दोन वडापाव आणि कटिंग, दुपारी डब्यात चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी, चारला चहा-बिस्किटे, रात्री दहाला भरपेट भात. दिवसभर खुर्ची. एखाद्या तपासणी शिबिरात बोटाला टोचले की साखर २४० निघते आणि गोळ्या सुरू होतात. मग कुणीतरी भाचा मोबाइलवर चित्रफीत पाठवतो. गहू, तांदूळ, डाळ, दूध, साखर सगळे बंद करा. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, सुकामेवा एवढेच खा. आदिमानवाला मधुमेह नव्हता. याला पॅलिओ म्हणतात. रविवारी रात्री निश्चय होतो आणि सोमवारपासून घरातली भाकरी बंद होते.

यात वाईट काय, असे कुणीही विचारील. बऱ्याच जणांच्या बाबतीत फारसे वाईट काही नाही. वडापाव आणि बिस्किटे सुटली, ताटात भाजी वाढली, तर फायदाच आहे. पण याच कारकुनाच्या खिशात साखर उतरवणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठी असेल, तर तो सोमवार धोक्याचा ठरू शकतो. म्हणून पॅलिओची सुरुवात कशी करावी, या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघरात शोधण्याआधी त्या चिठ्ठीत शोधायला हवे. तसेच या आहारातले घेण्यासारखे काय आणि उगाच सोडायला सांगितलेले काय, हेही नीट वेगळे करायला हवे.

कल्पना कुठून आली

पॅलिओ हा 'पॅलिओलिथिक' म्हणजे पुराश्मयुगीन या शब्दाचा लघुरूप. वॉल्टर व्होग्टलिन या अमेरिकी पोटविकारतज्ज्ञांनी १९७५ मध्ये अश्मयुगीन आहारावर पुस्तक लिहिले. पण वैद्यकीय जगाने या विचाराची दखल घेतली ती १९८५ मध्ये. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांचा लेख त्या वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. पुढे २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने 'पॅलिओ' हे नाव घरोघरी पोचवले. मांडणी सोपी आहे. माणूस लाखो वर्षे शिकार करून आणि कंदमुळे-फळे गोळा करून जगला. शेती आली ती गेल्या दहा-बारा हजार वर्षांत. एवढ्या थोड्या काळात शरीर बदललेले नाही, म्हणून धान्य, कडधान्य आणि दूध हे शरीराला परके अन्न आहे.

भारतात हा आहार तमिळनाडूत विशेष पसरला आणि तिथे त्याला देशी रूप आले. मूळ पॅलिओत वर्ज्य असलेले तूप, लोणी आणि पनीर त्यात चालते, आणि शाकाहारी माणसाला नाश्त्याला शंभर बदाम सांगितले जातात. शंभर बदाम म्हणजे सुमारे सव्वाशे ग्रॅम. त्यांतून सातशेच्या आसपास उष्मांक मिळतात. महिन्याला सुमारे पावणेचार किलो बदाम झाले. एका माणसाच्या नाश्त्याचा हा हिशेब वाण्याकडे भाव विचारून ज्याने त्याने करून पाहावा.

महाराष्ट्राला आहाराची लाट नवी नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी नेलेली दोन वेळा जेवणाची पद्धत काही वर्षांपूर्वी प्रत्येक लग्नाच्या पंगतीत चर्चेचा विषय होती. कधी जेवावे हा त्या चर्चेचा गाभा होता. पॅलिओचा गाभा काय जेवावे हा आहे. दोन्हींमागची माणसांची गरज मात्र एकच. 'भारतीय वैद्यक संशोधन परिषदे'च्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. इतक्या लोकांना 'कमी खा, चाला' एवढेच सांगून दवाखान्यातून परत पाठवले, तर ते उत्तर मोबाइलवर शोधणारच. त्यांना हसण्यात अर्थ नाही.

नेवाशाचे दगड काय सांगतात

अश्मयुग ही काही युरोपची मिरास नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५० च्या दशकात नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवासे येथे अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे शोधली. त्याआधी टॉड या ब्रिटिश संशोधकाला मुंबईत कांदिवलीजवळ अशी हत्यारे सापडली होती. म्हणजे आदिमानव इथेही होता. तो काय खात होता, हे मात्र दगडांवरून अर्धेच कळते. हत्यार हजारो वर्षे टिकते, कापलेले हाड टिकते. पाला, कंद, बोरे, मध टिकत नाहीत. म्हणून आदिमानव म्हटला की मांस खाणारा शिकारी डोळ्यांसमोर येतो आणि कंद उकरणारी बाई दिसत नाही.

अलीकडच्या तपासण्यांनी ते चित्र बदलले आहे. युरोपात सापडलेल्या सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीच्या दगडी पाट्यांवर वनस्पतींच्या पिठाचे कण मिळाले. निअँडरथल माणसाच्या दातांवरच्या किटणात शिजवलेल्या पिष्टाचे अवशेष आढळले. जॉर्डनमध्ये १४ हजार वर्षांहून जुन्या चुलीत भाजलेल्या रोटीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे सापडले, म्हणजे तिथे शेती सुरू होण्याच्याही चार हजार वर्षे आधी. रानटी धान्य कुटून, दळून, भाजून खाणारा माणूस शेतकऱ्याच्या आधी होऊन गेला.

शरीर बदललेच नाही, हेही खरे नाही. लाळेत पिष्ट पचवणारे अमायलेज नावाचे विकर असते. ते तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती पिष्टमय अन्नावर जगत आलेल्या समाजांत सरासरीने अधिक आढळतात. गुरे पाळणाऱ्या समाजांत मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता गेल्या काही हजार वर्षांत पसरली. आजच्या जगातही दाखला आहे. बोलिव्हियाच्या जंगलातले चिमाने लोक शिकार, मासेमारी आणि थोडी शेती करतात. त्यांच्या हृदयाच्या धमन्यांत चुन्याचे थर जवळजवळ आढळत नाहीत, असे २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या आहारातली सुमारे ७२ टक्के ऊर्जा मात्र भात, कच्ची केळी, मका आणि कंद अशा कर्बोदकांतून येते. ते दिवसाचे कित्येक तास अंगमेहनत करतात, त्यांचे धान्य सडलेले-पॉलिश केलेले नसते, आणि त्यांच्या गावात बिस्किटांचा पुडा दारोदार पोचलेला नसतो. तेव्हा आदिमानवाला मधुमेह नव्हता हे धरून चालले, तरी तो भाकरी न खाल्ल्यामुळे नव्हता, हे त्यातून सिद्ध होत नाही.

मग फायदा होतो तो कशाने

पॅलिओने वजन आणि साखर कमी होत नाही, असे कुणी म्हणत असेल तर तेही चूक. स्वीडनमध्ये यावर नेटके प्रयोग झाले. २००९ मधल्या एका प्रयोगात मधुमेहाच्या १३ रुग्णांनी तीन महिने पॅलिओ आणि तीन महिने नेहमीचा मधुमेही आहार घेतला. पॅलिओच्या काळात तीन महिन्यांची सरासरी साखर, वजन आणि रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी अधिक उतरली. पण रुग्ण होते फक्त १३. त्याहून मोठा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या ७० स्थूल स्त्रियांना दोन गटांत विभागून दोन वर्षे पाहिले. सहा महिन्यांनी पॅलिओ गटातल्या स्त्रियांची चरबी स्पष्टपणे जास्त घटली होती. दोन वर्षांनी दोन्ही गटांतला तो फरक उरला नाही. ट्रायग्लिसराइड मात्र पॅलिओ गटात कमीच राहिले. म्हणजे सुरुवातीला फायदा आहे, तो टिकवणे कठीण आहे.

हा फायदा येतो कुठून? पॅलिओच्या यादीतून काय गेले ते पाहावे. साखर गेली, शीतपेये गेली, मैदा गेला, फरसाण गेले, पाव गेला, दर चहाबरोबरची दोन बिस्किटे गेली. आले काय? भाज्या आल्या, अंडी-मासे आले, म्हणजे प्रथिने वाढली आणि पोट लवकर भरू लागले. कारकुनाच्या दिवसातले सहाशे-सातशे उष्मांक त्याला न कळता कमी झाले. गुण आला तो या बदलाला. त्याच यादीतून ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी आणि वाटीभर ताक गेले, त्यांना दोष देण्याचे कारण नव्हते. मैद्याच्या पंगतीत बसले म्हणून तेही उठवले गेले.

आपल्या ताटात धान्य फार आहे, ही तक्रार मात्र रास्त आहे. भारतीय माणसाची सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि त्यातला मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये आणि साखर यांचा असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूत्रांत धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत खाली आणायला सांगितले आहे. २,००० उष्मांकांच्या दिवसासाठी संस्थेचे माप असे: भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, धान्ये २५० ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, तेल-तूप २७ ग्रॅम. डब्यातली पसाभर बटाट्याची भाजी आणि हे ४०० ग्रॅम यांत जे अंतर आहे, तेच आपल्या आहारातले खरे वैगुण्य आहे.

आधी चिठ्ठी, मग ताट

आता त्या सोमवारच्या धोक्याकडे वळू. मधुमेहाच्या चिठ्ठीत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड ही गोळी अनेकदा असते, कधी इन्शुलिन असते. ही औषधे रोजच्या जेवणातल्या भात-पोळीचा हिशेब धरून दिलेली असतात. जेवणातून भात-पोळी अचानक गेली आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर गरजेपेक्षा खाली घसरते. दरदरून घाम, हातापायांची थरथर, धडधड, कडाडून भूक, मग बोलण्यात गोंधळ आणि शेवटी बेशुद्धी. घरी असताना हे घडले तर निदान बायको-मुलांच्या लक्षात येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीतूनच सुरू होतो. रात्री त्या रस्त्याला लागलेल्या चालकाच्या बाबतीत हे घडले, तर प्रश्न एकट्या त्याच्या जिवाचा राहत नाही.

अशी लक्षणे दिसताच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी, कमीच असेल तर पुन्हा घ्यावे आणि मग जेवावे. साखर सोडण्याची शपथ घेतलेला माणूस नेमका इथे कचरतो; या वेळी साखर हेच औषध आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये, थेट रुग्णालय गाठावे. या गोळ्यांचा परिणाम बराच काळ टिकतो, त्यामुळे एकदा सावरलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. शुद्धीवर आलेल्या रुग्णालाही डॉक्टर रुग्णालयात थांबवून घेतात ते यासाठीच.

दुसरा धोका कमी ओळखीचा आहे. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंडासाठी त्या गुणकारी आहेत, आणि पेटंट संपल्यानंतर स्वस्त झाल्याने आता सर्रास दिल्या जातात. या गोळ्या चालू असताना कर्बोदके जवळपास बंद केली किंवा कडक उपास धरला, तर शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात आम्लधर्मी कीटोन साठतात. उलट्या, पोटदुखी, धाप, विलक्षण थकवा ही त्याची लक्षणे. फसवणूक अशी की ग्लुकोमीटरवर साखर दोनशेच्या आसपास, कधी त्याहून कमी दिसते. साखर तर ठीक आहे, असे म्हणून रुग्ण घरीच पडून राहतो आणि कॅज्युअल्टीत येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. ही गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय कर्बोदके तोडू नयेत, आणि उलट्या होत असतील तर कोणत्या गोळ्या चालू आहेत हे रुग्णालयात पहिल्या वाक्यात सांगावे.

रक्तदाबाचे औषध घेणाऱ्याचे वजन आणि मीठ कमी झाले की दाबही उतरतो. उठताना अंधारी येऊ लागली तर मात्रा कमी करावी लागते. ज्याचे क्रिएटिनिन वाढलेले आहे, त्याने प्रथिने किती घ्यावीत हे डॉक्टरांनी ठरवायचे असते, आणि शहाळे-फळांमधले पोटॅशियमही अशा रुग्णाला बाधू शकते. गाउट असलेल्याला रोजचे मटण महागात पडते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, टाइप वन मधुमेहाचे रुग्ण, क्षयाचे उपचार घेणारे, वाढत्या वयाची मुले आणि आधीच वजन उतरलेली वृद्ध माणसे यांनी या वाटेला जाऊ नये.

याच्या उलट चूकही तितकीच घातक. नवा आहार सुरू झाला म्हणून काही जण आपल्याच मनाने गोळ्या बंद करतात. औषध कमी करण्याचा निर्णय घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी पाहून डॉक्टर घेतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत या नोंदी रोज ठेवाव्यात.

सुरुवातीच्या तपासण्या फार नाहीत: उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिने, चरबीचे प्रमाण, रक्तदाब, वजन आणि कमरेचा घेर. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत असावी. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत तपासले जातात. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन यायला कळंबोलीकराला अर्धा दिवस पुरतो.

एकेक पायरी

ताट एका रात्रीत पालटू नये. पहिल्या आठवड्यात फक्त साखर, शीतपेये, बिस्किटे, पाव आणि तळण बंद करावे. बाकी जेवण होते तसेच ठेवावे. अनेकांची साखर एवढ्यानेच उतरू लागते. दुसऱ्या आठवड्यात भाजी दुप्पट करावी, आणि त्यात बटाटा मोजू नये. जेवणाची सुरुवात काकडी-मुळा-टोमॅटोच्या कोशिंबिरीने करावी. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक पदार्थ हवाच: दोन उकडलेली अंडी, माशाचे कालवण, कोंबडी, नाहीतर मटकीची उसळ, घट्ट वरण, दही. चौथ्या आठवड्यात चार पोळ्यांच्या दोन कराव्यात, आणि त्याही शक्यतो ज्वारी-नाचणीच्या भाकऱ्या. प्रत्येक टप्प्यावर साखर पाहावी आणि डॉक्टरांना दाखवावी. हा कडक पॅलिओ नव्हे, हे मान्य. पण दोन वर्षे टिकेल असा आहार हाच आहे, आणि मधुमेहात दोन वर्षांचा हिशेब दोन महिन्यांच्या हिशेबापेक्षा मोठा असतो.

डाळीबद्दलची भीती सोडून द्यावी. कडधान्यांतल्या लेक्टिनमुळे आतडे बिघडते, असे पॅलिओवाले सांगतात. कच्च्या राजम्यातले लेक्टिन खरेच त्रासदायक असते. पण रात्रभर भिजवून, पाणी टाकून, कुकरमध्ये पूर्ण शिजवलेल्या कडधान्यात ते उरत नाही. आपल्या आज्या हेच करत आल्या. शाकाहारी माणसाने डाळ आणि दूध दोन्ही सोडले तर प्रथिनांसाठी त्याच्याकडे महागड्या बदामांखेरीज फारसे काही उरत नाही, आणि 'बी-१२' जीवनसत्त्व जवळजवळ मिळतच नाही. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांत ते आधीच कमी असू शकते. पायांना मुंग्या येत असतील तर तपासून घ्यावे.

मिठाचेही तसेच. पॅलिओत समुद्री मीठ टाकून सैंधव वापरायला सांगितले जाते. बाजारातल्या सैंधवात बहुधा आयोडीन घातलेले नसते. त्या ७० स्वीडिश स्त्रियांच्या प्रयोगात पॅलिओ गटात आयोडीनची कमतरता आढळली होती, कारण दूध आणि आयोडीनयुक्त मीठ दोन्ही सुटले होते. मीठ कमी खावे, पण खावे ते आयोडीनयुक्त.

मांसाहाराला मर्यादा आहे. सॉसेज, सलामीसारखे प्रक्रिया केलेले मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगास कारणीभूत ठरवले, आणि लाल मांसाला 'संभाव्य' गटात ठेवले. रोजच्या मटणापेक्षा मासळी बरी. त्यासाठी कळंबोलीकराला दूर जायला नको. इथले मूळचे आगरी-कोळी स्वयंपाकघर मांदेली, बोंबील, बांगडा, चिंबोरी यांवर उभे आहे. फक्त रवा लावून तळण्याऐवजी कालवण किंवा भुजणे करावे, आणि रक्तदाब असेल तर खारवलेल्या सुक्या मासळीला आवर घालावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लोखंड बाजारात दिवसभर ओझी वाहणारा माथाडी आणि त्याच बाजारात खुर्चीवर बसणारा कारकून यांचे ताट सारखे असू शकत नाही. माथाडीच्या स्नायूंना भाकरीची ऊर्जा लागते आणि ते ती जाळतातही. शेजाऱ्याला जो आहार लागू पडला तो आपल्यालाही पडेल, असे गृहीत धरू नये.

पनवेलच्या बाजारातली पाटी

पावसाळा सुरू झाला की पनवेलच्या बाजारात ठाकूर आणि कातकरी बाया रानभाज्यांच्या पाट्या घेऊन बसतात. शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. शेवळे घशाला खाजते म्हणून त्याबरोबर काकडाची आंबट फळे घालायची, हे ज्ञान त्या पाटीबरोबर फुकट मिळते. अश्मयुगाच्या जवळचे अन्न जर कुठे विकत मिळत असेल तर ते इथे. चाळीस रुपयांचा 'पॅलिओ बार' घेण्यापेक्षा या बायांकडून दोन जुड्या घेणे कधीही चांगले. न ओळखता रानातून आपण होऊन काही खुडू मात्र नये.

पण याच पाटीतून एक अवघड प्रश्नही समोर येतो. कातकरी ही सरकारच्या यादीत आदिम म्हणून नोंदलेली जमात. रानभाज्या, खेकडे, मासे, कंद यांची जाण त्यांच्याइतकी क्वचितच कुणाला असेल. तरीही कुपोषण याच घरांत अधिक आहे. रानावरचा हक्क गेला, वर्षातले कित्येक महिने वीटभट्टीवर जातात, आणि पोट भरते ते रेशनच्या तांदळावर. रानातले पौष्टिक ते विकून घरी भात शिजतो. कुणी काय खावे हे त्याच्या इच्छेवर जेवढे ठरते, तेवढेच खिशावर, वेळेवर आणि दारात काय मिळते त्यावर ठरते.

हे कळंबोलीलाही लागू आहे. लोखंड बाजार दक्षिण मुंबईतून इथे हलवला, ट्रक आले, हजारो हातांना काम मिळाले. त्या हातांच्या जेवणाचा विचार कुणी केला नाही. बाजाराच्या रस्त्यावर वडा, भजी आणि चायनीज पावलापावलावर मिळते. उकडलेले अंडे, उसळ, ताक आणि भाकरी शोधावी लागते. पनवेल महापालिकेने नागरी आरोग्य केंद्रांत आठवड्यातून एक दिवस तरी आहारतज्ज्ञ बसवावा, जो औषधाची चिठ्ठी पाहून ताट सुचवील. ट्रक टर्मिनलवर आणि लोखंड बाजारात महिन्यातून एकदा साखर-रक्तदाबाची तपासणी व्हावी, तीही चालक-माथाडींच्या वेळेत. महिला बचत गटांना तिथे उसळ-भाकरीच्या गाड्यांचे परवाने द्यावेत. यातली कोणतीही गोष्ट कोट्यवधींच्या खर्चाची नाही. डॉक्टरांनीही रुग्णाला हातात गोळ्या देताना 'तुम्ही दिवसभरात काय खाता?' एवढे विचारण्यासाठी दोन मिनिटे काढायला हवीत. ती मिळाली नाहीत म्हणूनच रुग्ण मोबाइलकडे वळतो.

तोवर त्या कारकुनाने सोमवारची घाई करू नये. शनिवारी अर्धा दिवस काढावा, गोळ्यांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि सरळ सांगावे की खाणे बदलायचे आहे, तर यातली कोणती गोळी कमी करावी लागेल. सोमवारी बंद करायचे ते वडापाव, बिस्किटे आणि चहातली साखर. भाकरी चौथ्या आठवड्यात निम्मी होईल, तेव्हाही तिच्याबरोबर आमटी, वाटीभर ताक आणि मूठभर जास्त भाजी असेल. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावे. आकडे खाली आलेले असतील तर त्याचे श्रेय आदिमानवाला द्यायचे की घरच्या उसळीला, हे ज्याने त्याने ठरवावे.